खंबायतचा वृद्ध आणि उंदराचीं पोरकीं पिलें



दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखवून देणें हा शाळामास्तराचा धर्मच असतो. पस्तीस वर्षें मीं तेंच केलें. आज मात्र माझ्या स्वतःच्या वहींतील एक चूक प्रथम आपल्यापुढें ठेवतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य; इतिहासाचा अभ्यास केला तो शिकवितां शिकवितांच. आणि जी गोष्ट आज सांगणार आहें तिचा शोधहि मला या चुकीमुळेंच घ्यावा लागला.

१९८६ सालचा माघ महिना होता. उंसाच्या टापूंतील एका खेड्यांत मी मराठी व इतिहास शिकवीत असें. शिवारांत तोड चालू होती. एके दिवशीं सकाळची प्रार्थना संपते न संपते तोंच सहावीच्या वर्गांतील चार मुलें एक पाटी घेऊन आलीं. पाटींत पाचटावर रानमांजराचीं तीन पिलें होतीं. डोळे नुकतेच उघडलेले. ओरडून ओरडून घसे बसलेले. “गुरुजी, उंसांत सांपडलीं. यांना आई नाहीं,” मुलें म्हणालीं. योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत अशोकाच्या शिलालेखांवरील धडा चालला होता. मीं त्या मुलांची पाठ थोपटली. भूतदया पुस्तकांत काय शोधतां, या चौघांकडे पाहा, असें सर्व वर्गाला सांगितलें. पिलें घरीं नेलीं आणि कापसाच्या वातीनें त्यांना गाईचें दूध पाजलें. पहिलें दुसऱ्या रात्रीं गेलें, उरलेलीं दोन चौथ्या दिवशीं. मुलांनीं शाळेच्या कुंपणापाशीं खड्डा खणून त्यांना पुरलें, वर झेंडूचीं फुलें वाहिलीं.

आठ दिवसांनीं त्याच फडांत तोड करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईशीं बोलतांना हा विषय निघाला. ती सहज म्हणाली, “गुरुजी, माय मेली नव्हती त्यांची. दोन रात्री बांधाला येऊन वरडत व्हती. आमच्या खोपीपस्तोर आली व्हती बघा.”

मीं काय केलें होतें, तें त्या क्षणीं मला कळलें. मुलांनीं अजाणतां केलेल्या अपहरणाला मीं सद्गुणाचें प्रशस्तिपत्र दिलें होतें. आई जिवंत असतां पिलांना पोरकें केलें, आणि मग त्यांच्या पोरकेपणाबद्दल कळवळलों. तेव्हांपासून एक प्रश्न मनांतून जाईना. मुक्या जिवांची शुश्रूषा करणारे लोक आपल्या देशांत पुरातन काळापासून आहेत. त्यांना ही गोष्ट कशी साधली, आणि कोठें चुकली?

ज्या सम्राटाचा धडा मी शिकवीत होतों त्याच्यापासूनच आरंभ करूं. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अशोकानें गिरनारच्या पायथ्याशीं व इतरत्र खडकांवर जे लेख कोरविले, त्यांतील दुसऱ्या लेखांत दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचें नमूद आहे. एक मनुष्यांची व दुसरी पशूंची. जेथें औषधी वनस्पति नव्हत्या तेथें त्या आणवून लावविल्या, असेंहि तो सांगतो. हा लेख क्रमिक पुस्तकांत असे, व तोच मीं शिकविला होता. परंतु त्याचा एक स्तंभलेखहि आहे, पांचवा. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षें झाल्यावर तो लिहविला गेला. त्यांत पोपट, मैना, वटवाघूळ, कांसव इत्यादि अनेक जीव अवध्य म्हणून सांगितले आहेत. शेळी, मेंढी किंवा डुकरी गाभण वा दुभती असेल तर तिला मारूं नये. सहा महिन्यांच्या आंतील पिलालाहि मारूं नये. ज्या भुशांत जीवजंतु आहेत तो जाळूं नये, आणि विनाकारण रानें पेटवूं नयेत. उंसाचें पाचट पेटवितांना त्यांत काय काय होरपळतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या वाक्याचें मोल निराळें सांगावयास नको. चिकित्सेच्या लेखांत दया आहे; स्तंभलेखांत दयेबरोबर निरीक्षणहि आहे. आईच्या दुधाचा काळ किती, आणि जीव कोठें दडून बसतात, हें पाहिल्यावांचून असा नियम करतां येत नाहीं. हा लेख मला त्या वेळीं ठाऊक नव्हता.

आतां आपण सुमारें अठराशें वर्षें ओलांडून खंबायतच्या बंदरांत येऊं. इ.स. १६२३ च्या आरंभीं पिएत्रो देल्ला व्हाल्ले नांवाचा रोम येथील एक खानदानी गृहस्थ तेथें आला. त्याची कथा मोठी करुण आहे. बगदाद येथें त्यानें मआनी नांवाच्या तरुणीशीं विवाह केला होता. १६२१ च्या अखेरीस इराणच्या दक्षिण किनाऱ्याकडील प्रवासांत ती वारली. तिला परक्या भूमींत सोडवेना, म्हणून तिचें शव औषधी द्रव्यांत जतन करून तो पेटींतून बरोबर नेत होता. पांच वर्षांनंतर, १६२६ सालीं, त्यानें तें रोम येथें पुरलें. त्याच्याबरोबर एक पोरकी जॉर्जियन मुलगीहि होती. मआनीनेंच तिला आश्रय दिला होता. ज्याच्या पदरीं एक मृत्यु आणि एक अनाथ लेंकरूं होतें, असा हा प्रवासी खंबायत येथें पाखरांचें रुग्णालय पाहावयास गेला.

नेपल्स येथील आपल्या वैद्य मित्राला पाठविलेल्या पत्रांत त्यानें या भेटीचें वर्णन केलें आहे. जागा लहानशी, पण कोंबडे, कबुतरें, मोर, बदकें व बारीक पाखरें यांनीं भरलेली. कोणी आजारी, कोणी लंगडें, कोणाचा जोडीदार गेलेला. त्यांची काळजी घेणाऱ्या माणसांचा निर्वाह लोकांनीं दिलेल्या दानावर होत असे. पक्षी बरा झाला म्हणजे, तो रानांतला असेल तर त्याला मोकळें सोडीत. पाळीव असेल तर कोणा धर्मशील गृहस्थाच्या घरीं देत. या सर्वांत प्रवाशाला अत्यंत नवलाची वाटली ती निराळीच गोष्ट. उंदराचीं कांहीं इवलीं पिलें आईबापांवांचून सांपडलीं होतीं. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध, नाकावर चष्मा चढवून, कापूस घातलेल्या पेटींत त्यांना सांभाळीत होता आणि पाखराच्या पिसानें त्यांना दूध पाजीत होता. कारण त्याहून मोठें साधन त्या तोंडांत मावलें नसतें. मोठीं झालीं म्हणजे काय करणार, असें विचारतां तो म्हणाला कीं, जातील तिकडे जाऊं देणार.

खंबायत हें व्यापाऱ्यांचें शहर. तेथें उंदीर म्हणजे धान्याच्या कोठाराचा आणि कापडाच्या गांठींचा शत्रु. अशा शहरांत, परतफेडीची यत्किंचितहि आशा नसतां, एक वृद्ध मनुष्य त्याच शत्रूच्या पिलांना पिसाच्या टोंकानें दूध पाजीत बसला होता. मला त्या चित्रांत तीन गोष्टी दिसतात. त्याचें साधन जिवाच्या मापाचें होतें, स्वतःच्या सोयीचें नव्हतें. पिलांना आईबाप नाहींत, हें मान्य झाल्यावरच तीं तेथें आलेलीं होतीं. आणि तिसरी सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, निरोपाचा दिवस त्यानें पहिल्याच दिवशीं ठरविला होता. मीं वात घेतली होती. आईची चौकशी केली नव्हती. आणि निरोपाचा तर विचारहि माझ्या मनांत आला नव्हता. खरें सांगावयाचें तर, एक पिलूं शाळेंत पाळावें असें मला वाटत होतें.

यापुढील इतिहास आपल्या मुंबईचा आहे. १८३२ सालीं सरकारनें बेवारशी कुत्रे मारण्याचा हुकूम काढला. मारणाऱ्याला प्रत्येक कुत्र्यामागें बक्षीस होतें. त्या लोभानें घरांतून व आवारांतूनहि कुत्रे ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या. ६ जूनला पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाज त्यांना मिळाले, दुकानें बंद पडलीं, आणि दंगा शमविण्यासाठीं फौज बोलवावी लागली. या प्रकरणाचें फळ म्हणून १८३४ मध्यें जमशेटजी जिजीभाई आणि शेट मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें भुलेश्वर भागांत पांजरपोळ स्थापन झाली. पारशी व जैन अशा दोन भिन्न धर्मांच्या माणसांना मुक्या जिवांनीं एकत्र आणिलें, हें विसरतां येणार नाहीं. परंतु पांजरपोळेचें कार्य निराळ्या तऱ्हेचें होतें. तेथें येणारें जनावर बहुधा गाय, बैल, घोडा किंवा कुत्रा. त्याला परत जावयास रान नव्हतें. मरेपर्यंत त्याचा सांभाळ करणें हेंच तेथें योग्य होतें. मात्र यामुळें लोकांच्या मनांत दयेचा एकच सांचा तयार झाला. जनावर आणावें, बांधावें, चारावें. खंबायतच्या वृद्धाचें दार उघडें ठेवण्याचें शहाणपण त्या सांच्यांत राहिलें नाहीं.

मुंबईंतच १८७४ मध्यें प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली, आणि १८८३ मध्यें प्राणिसृष्टीच्या अभ्यासासाठीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. हिच्या संस्थापकांत डॉक्टर आत्माराम पांडुरंग व डॉक्टर सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते. एका संस्थेपाशीं दया होती, दुसरीपाशीं विद्या. एकाच शहरांत नऊ वर्षांच्या अंतरानें जन्मलेल्या या दोन बहिणींची खरी गांठ पडावयास मात्र पुष्कळ काळ जावा लागला. त्या काळचा अभ्यासकहि बंदूक घेऊनच रानांत जाई. १९०८ च्या सुमारास आईबाप नसलेला, मामाच्या घरीं वाढलेला एक मुलगा आपण मारलेली गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन सोसायटींत ओळख विचारावयास गेला. तोच पुढें पक्षितज्ज्ञ सलीम अली म्हणून जगाला ठाऊक झाला.

दया आणि विद्या यांची गांठ कशी पडते, याचें एक उदाहरण महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला आहे. १९७३ च्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, व त्यांचे चिरंजीव डॉक्टर प्रकाश आणि स्नुषा डॉक्टर मंदाकिनी हे तेथें राहावयास गेले. एके दिवशीं माडिया लोक शिकार करून परतत होते. मारलेल्या वानरीच्या अंगाला तिचें जिवंत पिलूं बिलगलेलें होतें. डॉक्टरांनीं तें मागून घेतलें. शिकाऱ्यांना त्यांनीं क्रूर म्हटलें नाहीं; हे लोक उपाशी आहेत म्हणून मारतात, हें त्यांनीं ओळखिलें. पुढें अशीं पिलें शिकारीच आणून देऊं लागले, त्यांना बदल्यांत धान्य मिळूं लागलें, आणि अस्वल, बिबटे, हरिणें यांचें अनाथालय उभें राहिलें. येथें पोरकेपणा खरा होता. आई डोळ्यांदेखत मेलेली होती. अशा वेळीं पिलूं उचलणें हेंच कर्तव्य होय.

परंतु उचलणें सोपें, वाढविणें कठीण. केनिया देशांत डॅफ्नी शेल्ड्रिक या बाईंनीं हत्तींच्या पोरक्या पिलांसाठीं आयुष्य वेंचलें. गाईच्या दुधांतील स्निग्धांश त्या पिलांना सोसत नसे. आईच्या दुधाला जवळचें मिश्रण सांपडेपर्यंत अनेक वर्षें गेलीं, आणि अखेर त्यांत खोबरेल तेल उपयोगी पडलें. या काळांत आयशा नांवाचें एक पिलूं त्यांनीं वाढविलें होतें. कन्येच्या विवाहासाठीं बाई थोडे दिवस दूर गेल्या, आणि त्या पिलानें विरहानें अन्न टाकून प्राण सोडला. तेव्हांपासून एका पिलाला एकाच माणसाचा लळा लागूं द्यावयाचा नाहीं, सेवकांनीं पाळीपाळीनें त्याच्याजवळ राहावयाचें, असा नियम त्यांनीं केला. स्वयंसेवकाला हा नियम जड जातो. आपल्यावांचून याचें चालणार नाहीं, ही भावना गोड असते. पण ज्याला रानांत परत जावयाचें आहे त्याच्यासाठीं ती घातक ठरते.

दयेला आणखीहि एक कुंपण असतें, व तें ओलांडणारे लोक आपल्याच काळांत निपजले आहेत. दिल्लीस चांदणी चौकांत जैन समाजाचें पाखरांचें धर्मार्थ रुग्णालय आहे. खंबायतच्या परंपरेचीच ती शाखा म्हणावयाची. धर्माच्या मर्यादेमुळें मांसाहारी पक्ष्याला तेथें मुक्कामास ठेवीत नाहींत. त्या शहरांत पतंगाच्या मांजानें पंख कापलेल्या घारी पुष्कळ पडतात. नदीम शहजाद व मोहम्मद सऊद या दोघां भावांनीं आपला धंदा सांभाळून घराच्या तळघरांत अशा घारींची शुश्रूषा आरंभिली. तारुण्यांत व्यायामाचा नाद होता, त्यांतून स्नायु व शिरा यांचें जें ज्ञान मिळालें होतें तें येथें कामीं आलें. त्यांच्या कार्यावरील चित्रपट २०२२ मध्यें जगभर नांवाजला गेला. उंदराला दूध पाजणारा वृद्ध आणि उंदीर खाणाऱ्या घारीचा पंख शिवणारे हे बंधु, यांना मी एकाच पंक्तींत बसवितों.

आतां पुन्हां उंसाच्या फडाकडे येऊं. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर भागांत धरणांचें पाणी आलें, उंस वाढला, आणि बिबट्याची मादी उंसालाच रान समजून तेथें विऊं लागली. २००१ पासून दोन-तीन वर्षें माणसांवर हल्ले फार झाले. तेव्हां पुष्कळ बिबटे पिंजऱ्यांत धरून दूरच्या रानांत सोडण्यांत आले. डॉक्टर विद्या अत्रेय यांनीं अभ्यास करून दाखवून दिलें कीं, जेथें ते सोडले त्या भागांत हल्ले उलट वाढले. उपकार म्हणून केलेली गोष्ट मनुष्य व पशु दोघांनाहि भोंवली. माणिकडोह येथें जखमी व परत न जाऊं शकणाऱ्या बिबट्यांसाठीं निवारा केंद्र निघालें. आणि उंसांत सांपडणाऱ्या बछड्यांविषयीं नवी रीत रूढ झाली. तोड थांबवावयाची; वनखात्याला कळवावयाचें; वैद्यानें बछडे तपासावयाचे; आणि सायंकाळीं ते त्याच जागीं पेटींत ठेवून सर्वांनीं दूर व्हावयाचें. रात्रीं मादी येते, पेटी पाडते, आणि एकेक बछडा मानेला धरून घेऊन जाते.

या रीतीमागें कायदाहि उभा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानटी जनावर घरीं पाळतां येत नाहीं. असें जनावर हातीं आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आंत वनाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळविणें आवश्यक आहे. ज्यांना या सेवेंत पडावयाचें असेल त्यांनीं थोड्या गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जखमी पाखरूं सांपडलें तर त्याला भोंकें पाडलेल्या अंधाऱ्या खोक्यांत शांत ठेवावें. त्याच्या चोंचींत पाणी ओतूं नये. श्वासनळीचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें व तें गुदमरतें. गारठलेल्या पिलाला आधीं ऊब द्यावी, अन्न मागाहून. घरट्यांतून पडलेलें पिलूं धड असेल तर परत घरट्यांत ठेवावें. मनुष्याचा हात लागल्यानें पक्षीण पिलाला टाकते ही समजूत खोटी आहे. आणि पिलूं एकटें दिसलें म्हणून तें पोरकें ठरवूं नये. आई बहुधा अन्नासाठीं गेलेली असते, किंवा आपण निघून जाण्याची वाट पाहत जवळच दडलेली असते.

शेवटीं, ज्या चार मुलांपासून मीं आरंभ केला त्यांच्यांतील एकाची हकीकत सांगून रजा घेतों. तो आतां पन्नाशीच्या घरांत आला आहे. स्वतःची चार एकर जमीन कसतो. गेल्या हंगामांत एके सायंकाळीं त्याचा दूरध्वनि आला. त्याच्या फडांत बिबट्याचे दोन बछडे सांपडले होते. गाडीवान खोळंबले होते, कारखान्याची पाळी चुकणार होती, आणि शेजारी म्हणत होते, काढून टाक बाहेर. त्यानें तोड थांबविली, वनखात्याची माणसें बोलाविलीं, आणि रात्रभर दूरच्या वस्तीवर गांवांतल्या दोन पोरांसह जागत बसला. पहाटे पुन्हां दूरध्वनि वाजला. “गुरुजी, नेले. दोन्ही नेले,” एवढेंच तो बोलला. कांहीं वेळ आम्ही दोघेहि गप्प राहिलों. मग त्यानेंच विचारलें, “ती कुंपणापाशींची जागा आठवते का, गुरुजी?”

आठवते, असें मीं त्याला सांगितलें.